अंगठीची आतली बाजू

लग्नाच्या अंगठीबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या चार ओळींत वर्तुळ येतंच. त्याला आरंभ नाही, अंत नाही, म्हणून ते अखंड प्रेमाचं प्रतीक वगैरे. मला हे कधीच पुरेसं वाटलं नाही. गोल तर कडंही असतं. अंगठीला दोन बाजू असतात, एक जगाला दिसणारी आणि एक कातडीला टेकलेली. मला त्या दुसऱ्या बाजूचं वेड आहे.

इतिहासाची सुरुवात मात्र बाहेरच्या बाजूने होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की वाग्दत्त वधूला लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवायची रीत आपल्या काळातही टिकून आहे. सोनं रोमन लोकांकडे भरपूर होतं, तरीही या कामाला लोखंडच! लग्नाची बोलणी पक्की झाल्याची ती खूण होती, शब्द दिल्याचा पुरावा. पुढे साधारण सव्वाशे वर्षांनी तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात नवरीच्या बोटात सोन्याची अंगठी दिसते.

आणि ते डाव्या हाताचं चौथं बोट? दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवलं की, इजिप्तमध्ये प्रेतं उघडून पाहिली तेव्हा त्या बोटातून थेट हृदयाकडे जाणारी एक बारीक नस सापडली, असं अपियन नावाचा ग्रीक लेखक सांगतो. अशी खास नस शरीरात नाही. शिवाय गेलियस लग्नाबद्दल बोलतच नव्हता, त्या बोटात अंगठी का घालतात एवढंच सांगत होता. रशिया, जर्मनी, पोलंडमध्ये लग्नाची अंगठी उजव्या हातात असते, आणि ज्यू विवाहात वर ती वधूच्या उजव्या तर्जनीत घालतो. त्यांच्या संसारांचं काही अडलेलं नाही.

आतली बाजू खऱ्या अर्थाने बोलू लागते ती इंग्लंडमधल्या ‘पोझी’ अंगठ्यांत. सोळाव्या-सतराव्या शतकात त्यांच्या आतून एखादी यमक जुळवलेली ओळ कोरत. ‘तारे पाहते पुष्कळ, पण तुझ्यासारखा एकही नाही’ अशा अर्थाची एक ओळ मला फार आवडते. वाचायची तर अंगठी बोटातून काढावी लागते, म्हणजे रोज घालणाऱ्यालाही ती दिसत नाही. तिथे आहे हे फक्त माहीत असतं.

त्याहून विलक्षण म्हणजे जोडकड्यांच्या ‘गिमेल’ अंगठ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 1631 सालची एक जर्मन अंगठी आहे. दोन कड्या एकमेकींत अडकवलेल्या. मिटल्या की एकच अंगठी, वर माणिक आणि हिरा. कड्या उलगडल्या की खड्यांखालच्या पोकळ्या दिसतात. एकीत इवलंसं बाळ, दुसरीत सांगाडा. कड्यांवर कोरलंय की देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये. लग्नाच्या दिवशी मरणाची आठवण कशाला, असं कुणी म्हणेल. मला तर यापेक्षा प्रामाणिक लग्नभेट माहीत नाही. जन्मापासून मरणापर्यंतचं सगळं या करारात आलं, आणि ते फक्त दोघांनी उघडून बघायचं.

माझ्या आत्याची बोटं संधिवाताने सुजली तेव्हा तिची अंगठी कापून काढावी लागली. मी शेजारीच होते. बाहेरची वेलबुट्टी इतकी झिजली होती की बोट फिरवलं तरच थोडी खडबड लागायची. आत मात्र काकांचं नाव आणि तारीख, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. झिजलेलं सोनं जातं कुठे? गेऑर्ग स्टाइनहाउझर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने स्वतःची 18 कॅरेटची लग्नाची अंगठी वर्षभर दर आठवड्याला तोलली आणि 2008 मध्ये निष्कर्ष छापले: वर्षाला सुमारे 6 मिलिग्रॅम. ते असंच दारांच्या मुठींवर, भांड्यांवर, दुसऱ्यांच्या हातांवर राहून जातं. आत्याच्या बोटावरून चाळीसेक वर्षांत गेलेली वेलबुट्टी म्हणजे तिने केलेली सगळी कामं, असं मला वाटतं.

म्हणूनच इटलीतली गोष्ट वाचताना मला राग येतो. 18 डिसेंबर 1935 रोजी, इथिओपियावरच्या युद्धासाठी, मुसोलिनीच्या राजवटीने बायकांकडून लग्नाच्या अंगठ्या गोळा केल्या. रोममध्ये राणी एलेनाने सर्वांत आधी आपली दिली. बदल्यात साध्या धातूची कडी मिळायची. वितळवणाऱ्याने सोन्याचं वजन केलं असेल. आत कोरलेली नावं वाचायला कोण बसलं असेल?

हिऱ्याबद्दल थोडक्यात. तो कायमचा असतो हे डी बीअर्स या हिरे विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीसाठी 1947 मध्ये लिहिलं गेलं. सुंदर वाक्य आहे, पण ते दिसणाऱ्या बाजूचं.

तुम्ही अंगठी घडवायला टाकणार असाल तर आत काहीतरी कोरून घ्याच, आणि खोल कोरून मागा. फक्त एके ठिकाणी थोडी जागा कोरी ठेवायला सांगा. पुढे माप वाढवायचं झालं तर सोनार तिथेच कापेल आणि तुमची अक्षरं शाबूत राहतील.