वाहत्या काँक्रीटमधले फायबर नेमके कुठले तडे थांबवतात

पॉलिप्रॉपिलीनचं बारीक फायबर टाकलं की काँक्रीट आकसतच नाही, असं समजून पुष्कळ जण पाकिटं फोडतात. प्रत्यक्षात कडक झालेल्या काँक्रीटचं आकुंचन फायबर असो वा नसो, जवळपास तेवढंच राहतं. फायबरचं खरं काम ओतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत असतं.

वाहत्या, म्हणजे स्वतःच पसरून साचा भरणाऱ्या काँक्रीटला तेच तास जड जातात. त्यात खडी कमी आणि सिमेंट, फ्लाय अ‍ॅश यांची पेस्ट जास्त, त्यामुळे आकसणारा भाग मोठा. वर पाणी सुटतं थोडंच. ऊन आणि वारा ते पाणी खालून येण्याच्या आत उडवतात आणि अजून ताकद न आलेला पृष्ठभाग ओढला जाऊन फाटतो. दर तासाला चौरस मीटरमागे सुमारे १ किलो बाष्पीभवन होत असेल, तर धोका पक्का समजा. तडा उघडू लागताच तंतू दोन्ही कडा धरून ठेवतात, म्हणून तो केसाएवढाच राहतो किंवा दिसतही नाही.

घनमीटरला ०.६ ते ०.९ किलो, लांबी १२ मिमी, हे प्रमाण बहुतेक कामांना पुरतं. ३२ मायक्रॉन जाडीच्या ०.९ किलो फायबरमध्ये सुमारे १० कोटी तंतू होतात! एवढ्या तंतूंना भिजवायला पेस्ट लागते आणि स्लम्प फ्लो (शंकूतून सोडलेलं काँक्रीट किती पसरतं ते माप) हमखास उतरतो. इथेच खरी चूक होते: साइटवर कुणीतरी पाण्याचा पाइप लावतो. वाढलेल्या पाण्याने नंतरचं आकुंचन वाढतं, म्हणजे फायबरचा पैसा वाया. फ्लो आणायचा तो पीसीई अ‍ॅडमिक्श्चरने, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणाऱ्या रसायनाने. त्याचा डोस आधी करून पाहिलेल्या ट्रायल मिक्सवर ठरवावा आणि फ्लो फायबर टाकल्यानंतरच मोजावा. पसरलेल्या मिश्रणात खडी मधे आणि कडेला नुसता पाण्याचा पट्टा दिसला तर डोस जास्त झालाय.

ट्रान्झिट मिक्सरमध्ये फायबर एकदम ओतलं की गोळे होतात. घनमीटरला ०.९ किलो धरलं तर ६ घनमीटरच्या गाडीला ५.४ किलो लागतं. ते थोडं थोडं, ड्रम फिरत असताना सोडा आणि मग ४–५ मिनिटं पूर्ण वेगाने फिरवा. कोरडं टाकलेलं मिश्रण आधी नीट ओलं झालेलं हवं. पंपाच्या जाळीवर झुबके अडकू लागले तर मिसळणं अपुरं राहिलंय.

सळ्या दाट असतील तर जे-रिंग चाचणी (सळ्यांच्या कड्यातून मिश्रण पार होतं का ते पाहणं) टाळू नका. मोकळ्या फ्लोमध्ये उत्तम दिसणारं मिश्रण सळ्यांमागे तुंबू शकतं, विशेषतः लांब आणि जाड, म्हणजे मॅक्रो फायबर असताना.

फिनिशिंग घाईने केलं तर तंतू वर उपटून येतात, म्हणून पृष्ठभाग थोडा घट्ट होऊ द्या. फायबर आहे म्हणून क्युरिंग पुढे ढकलू नका. पाणी उडू न देणारं क्युरिंग कंपाउंड किंवा प्लास्टिक लगेच लागतं. सुकतानाचं आकुंचन खरोखर कमी करायचं असेल तर मिश्रणातलं पाणी कमी करा, नाहीतर आकुंचन कमी करणारं अ‍ॅडमिक्श्चर वापरा. आणि बारीक फायबरच्या भरवशावर आकुंचनासाठी ठेवलेल्या सांध्यांमधलं अंतर वाढवू नका.