जुन्या बाजारातला टीव्ही गेम: काय उचलायचं, काय तिथेच ठेवायचं

जुन्या बाजारात गेम हातात घेऊन "चालू आहे का?" असं विचारण्यात अर्थ नाही. उत्तर ठरलेलं असतं: "लाइट लागते, साहेब." दिवा लागला म्हणजे अडॅप्टरपासून त्या दिव्यापर्यंतची वाट शाबूत आहे, एवढंच कळतं. चित्र येतं का, कॅसेट वाचली जाते का, हे त्यातून कळत नाही.

ही यंत्रं नुसत्या वयाने फारशी मरत नाहीत. चुकीचा अडॅप्टर, आत विसरलेले सेल आणि झुरळं त्यांचा जीव घेतात. त्यामुळे बाजारात बघायचं ते हे, की जे बिघडलंय ते दुरुस्त होण्यासारखं आहे का. मळलेल्या पिना, उडालेला रेग्युलेटर (व्होल्टेज बेतात आणणारा भाग), दमलेला बॅटरी सेल आणि तुटलेली वायर हे दोष म्हणजे भाव पाडायची हत्यारं. बदलता न येणारी चिप, लेन्स किंवा आतून काळी पडलेली स्क्रीन गेली असेल, तर फुकट मिळालं तरी ते भंगारच.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत मटण स्ट्रीटच्या चोर बाजारात शुक्रवारी पहाटे रस्त्यावर माल पसरतात आणि ऊन चढेपर्यंत चांगला माल गेलेला असतो. दोन्हीकडे टीव्ही गेम वेगळा मांडलेला नसतो. तो वायरींच्या गुंत्यात, बंद पडलेल्या सेट टॉप बॉक्सच्या आणि रिमोटच्या ढिगाखाली असतो. आधी वायरींचा ढीग बघा. नऊ पिनांच्या बटक्या प्लगची वायर दिसली तर जवळपास गेमचा रिमोट असतो, आणि रिमोट सापडला की गेमही बहुतेक त्याच गोणीत निघतो.

आपल्याकडे ज्याला सरसकट 'टीव्ही गेम' म्हणतात, तो म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल. मिडिया, लिटल मास्टर अशा नावांनी तो घरोघरी पोचला. त्याच्या कॅसेटला ६० पिना असतात. अमेरिका-युरोपातल्या एनईएसच्या, म्हणजे फॅमिकॉमच्याच तिकडच्या रूपाच्या, कॅसेटला ७२ असतात, म्हणून परदेशातून आलेली राखाडी, मोठी कॅसेट आपल्या यंत्रात थेट बसत नाही. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचा अस्सल मेगा ड्राइव्हही अधूनमधून दिसतो. सेगाने १९९५ साली शॉ वॉलेस या कंपनीमार्फत तो भारतात आणला, तेव्हा त्याची किंमत होती १८,००० रुपये. त्या काळी हे पैसे किती जणांकडे होते, हे आज तो इतका क्वचित का दिसतो यावरून समजावं.

बाजारात जाताना पिशवीत एवढं असू द्या: छोटा मल्टिमीटर, टॉर्च, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, बाटलीत थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, चार नवे पेन्सिल सेल, खात्रीची एक कॅसेट आणि गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याला लावतात तो छोटा स्क्रीन. हा स्क्रीन १२ व्होल्टवर चालतो आणि त्याला पिवळी एव्ही पिन लागते. लोडशेडिंगमध्ये वायफाय राउटर पॉवर बँकवर चालवायला यूएसबीच्या ज्या वायरी मिळतात, त्यांतली १२ व्होल्टची स्क्रीनला आणि ९ व्होल्टची गेमला लावायची. विक्रेत्याकडे प्लग पॉइंट नसला तरी काही अडत नाही.

पण ९ व्होल्टची वायर लावण्याआधी थांबा. सगळ्यात जास्त यंत्रं इथेच जळतात. राउटरच्या वायरीत प्लगच्या मधल्या भोकाला प्लस असतं आणि बाहेरच्या पत्र्याला मायनस. फॅमिकॉमच्या घराण्यातल्या बऱ्याच यंत्रांना हे नेमकं उलटं लागतं, मध्ये मायनस. मेगा ड्राइव्हमध्ये तर घरातल्या घरातच मतभेद आहेत: पहिल्या मॉडेलला मध्ये मायनस, दुसऱ्याला मध्ये प्लस. यंत्रावर खूण छापलेली नसली, किंवा घासून गेली असली, तर उघडायची गरज नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक एव्ही सॉकेटच्या बाहेरच्या गोल पत्र्याला लावा, तो मायनसला जोडलेला असतो. दुसरं टोक अडॅप्टरच्या खोबणीतल्या मधल्या काडीला लावा. बीप आला तर मध्ये मायनस, म्हणजे राउटरची वायर तशीच लावायची नाही. काडीला नाही पण बाजूच्या पत्तीला आला, तर मध्ये प्लस. दोन्हीकडे बीप नसेल तर आत ब्रिज रेक्टिफायर (प्लस-मायनस कसेही आले तरी सरळ करणारा भाग) असू शकतो आणि मग उलटसुलट चालतं. पण बोर्डावरच्या तुटलेल्या तांब्याच्या ट्रॅकमुळेही असं होतं, म्हणून तेव्हा चार स्क्रू काढून बघितलेलं बरं.

विक्रेत्याकडचा काळा, जड अडॅप्टरही मीटरवर घ्या. ९ व्होल्ट लिहिलेला जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर काहीही न जोडता १२-१३ व्होल्ट दाखवतो. तो बिघडलेला नाही, लोड आला की खाली येतो. पण सरकत्या बटणाचा, ३ ते १२ व्होल्टचा युनिव्हर्सल अडॅप्टर असेल तर बटण कुठे आहे ते आधी बघा. तसा अडॅप्टर १२ वर ठेवून दिवसभर गिऱ्हाइकांना दाखवलेलं यंत्र आतून भाजलेलं असतं.

भाजलं म्हणजे नेमकं काय? ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर आत असतो, पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने आवळलेला. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय आत येणाऱ्या करंटचा, मधला मायनस, उजवा ५ व्होल्टचा. डावीकडे ९ आणि उजवीकडे शून्य आलं, तर बहुतेक वेळा रेग्युलेटर गेलेला असतो आणि वडापावच्या पैशात यंत्र जिवंत होतं. (उजवा पाय आणि मायनस यांच्यात थेट बीप येत असेल, तर मात्र पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.) उजवीकडे ५ बरोबर येतंय, कॅसेटही खात्रीची आहे, तरी स्क्रीन एका रंगाचा, तर मात्र सावध. नंतरच्या स्वस्त यंत्रांत अख्खा गेम एका काळ्या, डांबराच्या थेंबासारख्या ठिपक्याखाली असतो. तो ठिपका गेला की काही करता येत नाही. जुन्या यंत्रांत सुटे, चाळीस पायांचे आयसी, म्हणजे चिप, दिसतात, आणि शक्यतो तीच घ्यावीत. त्यांचा रंग आणि आवाज बरा असतो, शिवाय दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून आयसी काढून लावता येतो.

एका रंगाचा स्क्रीन दिसला की आधी कॅसेटवर संशय घ्यायचा. आणि फुंकर मारायची नाही. फुंकर मारून गेम सुरू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, तोंडातल्या वाफेमुळे नाही. उलट त्या वाफेने पिना गंजतात. काडीवर अल्कोहोल घ्या, दोन्ही बाजूंच्या पिना वरून खाली पुसा, आडव्या पुसू नका. काडी काळी व्हायची थांबेपर्यंत चार-पाच काड्या लागतात. केमिस्टकडच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये पाणी असतं, ते चालवून घेता येतं पण सुकायला वेळ द्यावा लागतो. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. खोडरबराचा मोह होतो, पण त्याने मुलामाच उडतो, म्हणून हिरवा गंज असेल तरच आणि अगदी हलक्या हाताने.

गाणं नीट वाजतंय आणि चित्राच्या जागी नुसती ठिगळं दिसतायत, तर ती चांगली खूण आहे. प्रोग्रॅम चालतोय, फक्त चित्राच्या चिपकडे जाणाऱ्या पिनांना संपर्क नाही. पुन्हा पुसा.

कॅसेटवरच्या '९९९९ इन १'ला काडीची किंमत देऊ नका. मेनूत खाली खाली जात राहा. थोड्या वेळाने तोच मारिओ, तीच काँट्रा, तोच रोड फायटर वेगळ्या नंबराने परत येतात, फार तर लेव्हल किंवा लाइफ बदललेली. खरे गेम किती ते यादी कुठून फिरते त्यावरून मोजायचं. लेबलवर एकच गेम असलेली आणि जरा वजनदार कॅसेट बहुतेक वेळा जास्त चांगली निघते.

टॉर्चने प्रत्येक यंत्राच्या जाळीतून आत बघा. मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसले तर ती झुरळांची विष्ठा. उबेला ती वीजपुरवठ्याच्या बाजूला घर करतात आणि त्यांच्या घाणीने तांब्याचे ट्रॅक कुरतडल्यासारखे होतात. असं यंत्र घेतलंच तर घरात आणण्याआधी गच्चीत किंवा अंगणात उघडा. पुढचं घरातल्या मंडळींना सांगायला नको.

निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम बॉय दिसला तर पहिल्यांदा सेलचं झाकण उघडा. पांढरी-निळी बुरशी म्हणजे फुटलेल्या अल्कलाइन सेलचा क्षार. तो व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने निघतो, नंतर अल्कोहोलने पुसून घ्यायचं. स्प्रिंग पार खाल्ली गेली असली तरी बदलता येते. १९८९ च्या मूळ, जाड गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागतात. चालू केल्यावर स्क्रीनवर उभ्या रेघा गायब दिसतात, विक्रेता त्याला 'डिस्प्ले गेला' म्हणतो आणि भाव उतरवतो. तो उतरवू द्या. खालच्या चपट्या रिबनचा चिकटा सुटलेला असतो आणि सोल्डरिंग आयर्नच्या हलक्या उबेने दाबल्यावर बहुतेक रेघा परत येतात. काचेच्या आत शाईसारखा काळा डाग पसरला असेल तर मात्र स्क्रीन गेली.

गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेटींत नकलांचा सुळसुळाट आहे. अस्सल कॅसेटच्या लेबलवर दोन अंक दाबून उमटवलेले असतात. ते तिरपे धरल्यावर उजेडात दिसतात. खालच्या फटीतून पिनांच्या वर बोर्डावर निन्टेन्डोचं नाव दिसतं. रूबी, सफायर आणि एमराल्डची केस अर्धपारदर्शक असते आणि या तिन्हींत सीआर१६१६ सेल असतो. तो संपला तर फक्त घड्याळ बंद पडतं, सेव्ह जात नाही. जुन्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर२०२५ असतो आणि तो संपला की सेव्हच जातं. सेल बदलताना पत्त्या लावलेलाच विकत घ्या. नुसत्या सेलवर आयर्न टेकवला तर तो फुटू शकतो.

प्लेस्टेशन २ सगळीकडे आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याची लेन्स दमलेली आहे, कारण आयुष्यभर त्याने राइट केलेल्या डीव्हीडी वाचल्या. तपासायला दोन डिस्क लागतात: खालून चंदेरी ती डीव्हीडी, खालून निळी ती सीडी. दोन्हींसाठी वेगळे लेझर आहेत. एक वाचते आणि दुसरी नाही, असं असेल तर त्या एका लेझरची अखेर जवळ आलीय. स्लिम मॉडेलला ८.५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. लॅपटॉपचा १९ व्होल्टवाला प्लग 'बसतो' म्हणून लावणारे लोक आहेत. सोबत ६४ किंवा १२८ एमबीचं मेमरी कार्ड फुकट मिळत असेल तरी त्यावर भरवसा ठेवू नका, सोनीचं कार्ड ८ एमबीचंच.

डिस्कची गठ्ठी चाळताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. २००९ ते २०१३ या काळात भारतात बनलेले प्लेस्टेशन २ चे मोजकेच गेम आले: 'हनुमान: बॉय वॉरियर', 'देसी अड्डा', 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', 'डॉन २'. खेळ म्हणून ते यथातथाच आहेत, पण डबी आणि पुस्तिकेसकट दिसले तर सोडू नका. डिस्क उजेडासमोर धरून छापलेल्या बाजूनेही बघा. सीडीत माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, त्यामुळे वरून पडलेला ओरखडा खालच्या दहा ओरखड्यांपेक्षा वाईट.

सोनीचा हातात धरून खेळायचा पीएसपी घेताना पाठ टेबलावर ठेवून बघा. डुगडुगला तर बॅटरी फुगली आहे. ती काढून टाका. बॅटरीशिवाय ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर यंत्र चालतं, म्हणजे तिथल्या तिथे तपासता येतं. पहिला एक्सबॉक्स कधी मिळालाच तर उघडून घड्याळाचा कपॅसिटर काढून टाका. शेवटची आवृत्ती सोडली तर तो गळतो आणि बोर्ड खातो.

राहिली बंदूक. टीव्ही गेमसोबत ती हमखास गळ्यात मारतात आणि घरच्या एलईडी टीव्हीवर ती चालत नाही. बदकं मारायच्या खेळात ट्रिगर दाबल्यावर गेम क्षणभर पडदा काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि बंदुकीला तो उजेड त्याच क्षणी दिसावा लागतो. एलईडी टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, शिवाय बंदूक जो लुकलुकाट ओळखते तो फक्त पिक्चर ट्यूबचाच. म्हणून बदकं मारायचीच असतील तर भंगाराच्या भावात १४ इंची जुना टीव्ही बघा. पुढे एव्ही सॉकेट असलेला घ्या, दहा मिनिटं चालू ठेवून कोपऱ्यांत रंगाचे डाग राहतात का ते पाहा, आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यानंतरही ट्यूबवर हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात.