ऱ्याकुनिन २, दुसरा महिना, २० तारीख

जपानी म्युझियमच्या कॅटलॉगची भाषांतरं करते मी. बाहेरच्यांना वाटतं कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, अवघड, पण खरा जीव जातो तो तारखांत, कारण जुन्या कागदावर इसवी सन नसतो, दरबारानं ठेवलेलं एराचं, म्हणजे कालखंडाचं, नाव असतं आणि त्यातलं कितवं वर्ष ते, आणि महिने चांद्र.

गेल्या महिन्यात दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या एका पत्राची नोंद आली, तारीख ऱ्याकुनिन २, म्हणजे ऱ्याकुनिन एराचं दुसरं वर्ष, दुसरा महिना, २०. भाषांतर तपासणाऱ्या चेकरनं लगेच लाल केलं, 'अशी तारीखच नाही, काढा.' एरांच्या कोष्टकाप्रमाणे त्याचं बरोबर होतं. ऱ्याकुनिन जेमतेम अडीच महिने टिकली, १२३८ च्या अकराव्या महिन्यात २३ ला सुरू, पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्यात ७ ला संपली. गादीवर सम्राट शिजो, लहान पोरगा. पंडितांनी चिनी ग्रंथांतून नावं सुचवायची, मग दरबाऱ्यांनी बसून अक्षर न् अक्षर घासून बघायचं, अशी पद्धत. एवढं करून निवडलेलं नाव, लिहिताना 'पंचांग' आणि 'दयाभाव', पण नुसतं कानावर पडलं की त्याच उच्चाराची दुसरी अक्षरं आठवायची, 'हिरावणं' आणि 'माणूस'! माणसंच नाहीशी होणार असं लोक म्हणायला लागले आणि एनओ हे नवं नाव आलं.

पण ते आलं क्योतोत, दरबार होता तिथे. तिथून क्यूशूला बातमी जाणार पायी, घोड्यावर, नावेनं. १३ दिवसांत पोचली नसेल तर कारकून जुनंच नाव घालणार ना, त्याच्यासाठी ऱ्याकुनिन चालूच होती. उलट झालं असतं, म्हणजे ७ तारखेच्या आधीच्या पत्रावर एनओ दिसलं असतं, तर खोटं पत्र म्हणून मीच पहिली ओरडले असते. हा फरक चेकरला कळायला हवा होता, कोष्टक बघणं म्हणजे तपासणं नव्हे.

मी पानभर क्वेरी लिहिली. डेडलाइन होती, संपादकांनी तारीखच उडवून नुसतं '१२३९' छापलं. वर्ष बरोबरच आहे, पण त्या कारकुनाला २० तारखेपर्यंत नवं नाव कळलं नव्हतं, एवढी एकच गोष्ट ती तारीख त्याच्याबद्दल सांगत होती आणि तीच गेली. पानभर लिहिलं हे चुकलंच माझं, एवढं कोण वाचतं घाईत. काल परत टीप पाठवलीय, दोन ओळींची, पुढच्या छपाईसाठी.