जिन्याखालच्या सायकली

गेल्या वर्षी जूनमध्ये आम्हा बँकवाल्यांना एक दिवसाच्या ट्रेनिंगला बाणेरला नेलं होतं. हॉटेल, एसी, जेवायला बुफे. जेवण अंगावर आलेलं असताना ट्रेनरने एकेक कागद वाटला. वर लिहिलेलं, 'माझ्या आयुष्याचं ध्येय', खाली आठ रिकाम्या ओळी. वेळ पंधरा मिनिटं.

शेजारच्या कर्जविभागातल्या बाईंनी सहा ओळी भराभर लिहिल्या. मी पेनचं टोपण लावत-काढत बसले. मुलगी नोकरीला लागलेली, फ्लॅटचे हप्ते फिटलेले, वय 52. शेवटी लिहिलं, 'रिटायर झाल्यावर सायकली दुरुस्त करायच्या.' ट्रेनर माझ्या भाच्याच्या वयाचा असेल. वाचून म्हणाला, "मॅडम, रिटायर झाल्यावरच का?" म्हटलं, आत्ता वेळ कुठाय? तो हसला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. चहापर्यंत त्याला अजून वीस-बावीस जणांची आयुष्यं मार्गी लावायची होती.

सायकली कुठून आल्या ते सांगते. आमच्या अण्णांचं कसबा पेठेत सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा, बाहेर पाण्याचं घमेलं आणि भाड्याच्या बारा सायकली, तासाला आठ आणे. पुणं तेव्हा खरोखरच सायकलींचं शहर होतं. कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर नुसत्या घंटा. पुढे 1972 मध्ये लूना आली, मग घरोघरी स्कूटर, आणि भाड्याच्या बारा सायकलींच्या सहा झाल्या, सहाच्या दोन. 1989 मध्ये अण्णांनी गाळा सोडला.

काम त्यांनी दादाला शिकवलं. मला कुणी शिकवलं नाही. मुलीच्या हाताला ग्रीस लागलेलं आईला चालायचं नाही. पण शाळेतून आल्यावर मी पायरीवर गृहपाठ करत बसायचे आणि डोळे अण्णांच्या हाताकडे. दादा आज दुबईत आहे, एसीच्या कंपनीत. त्याला यातलं काही आठवत नाही.

मला आठवत होतं. पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40, कारण माणसाचं वजन मागे पडतं. पंक्चर काढताना ट्यूब खरवडून सोल्युशन लावलं की लगेच पॅच चिकटवायचा नाही, बोट लावून ते वाळत आलंय का बघायचं. चाक डुलत फिरत असेल तर सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करायची, चाक फिरवायचं आणि रिमजवळ खडू स्थिर धरायचा. रिम जिथे बाहेर आली असेल तिथे खडूची रेघ उमटते. त्या बाजूच्या तारा किंचित सैल, समोरच्या बाजूच्या किंचित घट्ट, एका वेळी पाव आटा. परत फिरवा, परत खडू. याला आऊट काढणं म्हणतात.

रोज ऑफिसला जाताना मी कर्वे पुतळ्याच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी असते. ट्रेनिंगनंतरच्या आठवड्यात बस अशी काही रखडली की मी पुतळ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असावं. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला नेला आणि तिथून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला ते चालत यायचे, पावसाळ्यातल्या चिखलातूनसुद्धा. हे शाळेतच पाठ झालेलं. पण त्या दिवशी उभ्या उभ्या मी वजाबाकी केली. जन्म 1858, महिला विद्यापीठ 1916. म्हणजे 58 व्या वर्षी. आमच्या बँकेत असते तर त्याच वर्षी त्यांना शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं असतं. महर्षींशी स्वतःची तुलना करण्याइतकी मी वेडी नाही. फक्त 'रिटायर झाल्यावर' हे माझं वाक्य तेवढ्यापुरतं तोंडातल्या तोंडात राहिलं.

त्याच रविवारी आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली टॉर्च घेऊन गेले. अकरा सायकली! टायर बसलेले, चेन गंजलेल्या, एकीच्या बास्केटमध्ये मांजरीने संसार थाटलेला. कोथरूडमधल्या कुठल्याही सोसायटीत जाऊन बघा, दहावी-बारावीला घेतलेल्या सायकली कॉलेजात स्कूटी आली की जिन्याखाली जातात.

आता तुम्हाला वाटेल, मागितल्या की मिळाल्या. कसलं काय! बारा वर्षं त्या सायकलीकडे कुणी ढुंकून बघितलेलं नसतं, पण मी "ही देता का?" विचारलं की ती एकदम वारसाहक्काची होते. "नको हो, मिहिरच्या आठवणी आहेत त्यात." मिहिर टेक्सासला. एक काका म्हणाले, "भंगारवाला तीनशे देतोय, तुम्ही किती द्याल?" चेअरमनसाहेबांनी तर नोटीस लावली: 'जिन्याखालील सायकलींस हात लावू नये. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा ते लिहिलं नव्हतं. महिनाभर घासाघीस करून चार मिळाल्या, त्यातली मांजरीवाली अजून मांजरीकडेच आहे.

पाने-पक्कड जुन्या बाजारातून आणली, बाकी सामान बोहरी आळीतून. ब्रेक शूज, वायर, ट्यूब धरून एका सायकलीला पाचेकशे रुपये लागतात. पहिली सायकल मी तीन रविवार खपून उभी केली आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातीला दिली. ती नववीत, वारज्याहून शाळेत पाऊण तास चालत यायची. पोरीने सीटवर बसून घंटी वाजवली तेव्हा मला इतकं भारी वाटलं की मी चक्क फोटो काढून दादाला पाठवला.

चौथ्या दिवशी मावशी एकट्या आल्या. पोरगी उतारावर पडली होती, गुडघा फुटला, कोपर सोलवटलं. ब्रेक दाबला आणि वायर निसटली. वायर पकडणारा बारीक नट मी हाताने फिरवून ठेवला होता, पान्याने आवळायचा राहून गेला. मावशी म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, पोरं पडतातच." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री ठरवून टाकलं, हे नसते उद्योग बंद. अण्णांचं काम बघितलं म्हणजे अण्णांचं काम येतं असं थोडंच आहे? दोन रविवार खाली उतरले नाही. मग त्या पोरीनेच निरोप पाठवला, "काकूंना विचार, सायकल कधी देणार?" ती परत चालत जायला लागली होती आणि पहिला तास बुडत होता.

मग मी शिकायला गेले. गणेशपेठेत एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे दर शनिवारी बँक सुटल्यावर दोन तास, सहा महिने. पहिले दोन महिने त्यांनी मला फक्त नट आवळायला दिले. आवळून झाला की ते स्वतः पाना लावून बघायचे आणि काही न बोलता पुढची सायकल सरकवायचे. एकदा खडूने आऊट काढताना बघून म्हणाले, "हे कुठं शिकलात?" अण्णांचं नाव सांगितलं. "कसब्यातले? त्यांच्याकडून मी तारांची चावी उसनी आणायचो," म्हणाले, आणि चहा सांगितला. चहाचे पैसे मात्र मलाच द्यायला लावले.

आजवर सात सायकली गेल्या. सात काही फार नाहीत, मला माहीत आहे. मुलगी म्हणते, "आई, इन्स्टावर टाक, लोक सायकली आणून देतील." टाकीनही. पण मग रविवारचे तीनच तास, आणि दारात पंचवीस सायकली. बघू.

चेअरमनसाहेबांची नोटीस अजून आहे. तिच्याच खाली परवा कुणीतरी गुपचूप एक निळी लेडीज सायकल आणून ठेवली, हँडलला दोरीने चिठ्ठी बांधून: 'मिहिरची नाही, माझी आहे. घंटी वाजते.' घंटी खरंच वाजते. मागचं चाक मात्र इतकं आऊट आहे की ब्रेकमधून फिरतसुद्धा नाही, आणि तीन तारा तुटल्यात. बोहरी आळी आज बंद, तारा उद्या ऑफिस सुटल्यावर आणते.