मास्कमधली धाप

परवा नाइटला एका पेशंटचं हृदय बंद पडलं, सीपीआर द्यावा लागला. टीबीचा संशय होता म्हणून आम्ही सगळे एन95 मध्ये. सीपीआर म्हणजे मिनिटाला 100 ते 120 वेळा छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली दाबायची, कॉलेजात पुतळ्यावर केलंय सगळ्यांनी, पण नाकातोंडावर घट्ट मास्क असला की दीड मिनिटातच खांदे भरून येतात आणि हवाच पुरत नाहीये असं वाटायला लागतं. सगळं आटपल्यावर आमच्याकडच्या स्टुडंट मुलीने विचारलं, "सिस्टर, मास्कने ऑक्सिजन कमी होतो का हो?" ती अजून धापा टाकत होती. मी तिच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला. 98.

हेच मला लिहायचं होतं. धडधाकट माणसाचा ऑक्सिजन मास्कमुळे फारसा उतरत नाही, कोविडमध्ये व्हॉट्सॲपवर फिरलेलं ते सगळं चुकीचं होतं. पण म्हणून "काही होत नाही, सवय होते" असं म्हणणंही बरोबर नाही. प्रत्येक श्वास त्या जाड कापडातून ओढावा लागतो, छातीच्या स्नायूंना जास्तीचं काम पडतं, सोडलेली थोडी हवा आत राहते आणि तीच परत आत जाते, त्यात बाहेरच्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड जास्त, आणि चेहरा गरम होतो तो वेगळाच. बसून फाइल लिहिताना हे जाणवत नाही. पेशंट उचलताना, ट्रॉली ढकलताना, जिना चढताना जाणवतं.

2021 च्या एप्रिलमध्ये तर वरून पूर्ण पीपीई किट, डोक्यापासून पायापर्यंत बंद. घाम बाहेर पडायला जागा नाही, परत काढाघाल नको म्हणून ड्यूटीआधी पाणी कमी प्यायचं, मास्क घामाने भिजला की श्वास अजून जड. पेशंटला पालथं करायचं तर पाच-सहा जण लागायचे, श्वासाची ट्यूब सांभाळत, आणि आम्हाला ते शिफ्टमध्ये कितीतरी वेळा करावं लागायचं. त्यात बोलायचंही ओरडून, नाहीतर शेजारच्याला ऐकू जात नाही.

आणि मामा-मावशींचं, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांचं, तर कुणी बोलतच नाही. ऑक्सिजनचा जंबो सिलेंडर रिकामा असला तरी चांगला जड असतो, तो तिरका करून गोल फिरवत नेणारे मामा मी रोज बघायचे. आमच्या मावशी लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्यापर्यंत चादरींचे गठ्ठे घेऊन यायच्या, मधल्या पायरीवर बसायच्या आणि म्हणायच्या, "सिस्टर, जरा दम खाते हां." मास्क मात्र खाली घ्यायच्या नाहीत. तेव्हा "लवकर करा मावशी" असं मी दोनदा तरी बोलले असेन, ते अजून मनाला लागतं.

सीपीआरमध्ये दर 2 मिनिटांनी माणूस बदला असं शिकवतात, आणि दमलात तर त्याआधीच बदला हेही त्यात आहे, पण दुसरं वाक्य कोणी लक्षात ठेवत नाही. दाबणाऱ्याला आपला दाब कमी झालाय हे कळतच नाही हो, त्याला वाटतं आपण बरोबरच दाबतोय. म्हणून आता आमच्या वॉर्डात दाबणाऱ्याने मोजायचं नाही, मोठ्याने मोजण्यातही श्वास जातो. बाजूचा मोजतो, दाबणाऱ्याचे हात बघतो, आणि दाब कमी वाटला की दोन मिनिटं व्हायची वाट न बघता "मी घेतो" म्हणून पुढे होतो. परवा त्या मुलीच्या जागी मी अशीच गेले, ती "होतंय मला, होतंय" म्हणत होती तरी.