लाईट येते, पण सायफन धरत नाही: हर्बी ड्रेनची पुढची नोंद

नागपंचमीच्या आदल्या रात्री अडीचला अण्णांनी ओटीवरून हाक मारली, "गो, न्हाणीवरची टाकी भरून वाहत्येय काय बघ." टाकी अर्धी रिकामी होती. आवाज माजघरातून येत होता, माझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टँकच्या स्टँडखालून. घोट घोट, मग धाप लागल्यासारखी एक ओढ, मग पुन्हा घोट घोट. पाच मिनिटांपूर्वीच लाईट आली होती.

मागच्या नोंदीत मी ड्रेन, म्हणजे टँकमधलं पाणी खालच्या टाकीत (संपात) उतरवणारी पाइपांची सोय, गप्प झाल्याचं लिहिलं होतं आणि तेव्हा तो खरंच गप्प होता. डर्सो (ज्यात पाण्याबरोबर हवाही वाहते असा ड्रेन) काढून त्याच दोन भोकांवर हर्बी केला (मुख्य पाइप पूर्ण भरून सायफनसारखा ओढतो, दुसरा कोरडा, इमर्जन्सीसाठी), बॉल व्हॉल्व्हच्या जागी हळूहळू आवळता येणारा गेट व्हॉल्व्ह आला आणि तीन आठवडे पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या बारीक घूंशिवाय काही ऐकू आलं नाही. पण तो मे महिना होता. आमच्याकडे रत्नागिरीला पाऊस लागला की लाईट एका रात्रीत तीन-चारदा जाते. एकदा जमवलेला ड्रेन दर वेळी शून्यापासून सुरू व्हावा लागतो.

होत होतं ते असं. लाईट आली की पंप सुरू, ओव्हरफ्लो बॉक्समध्ये (टँकचं वरचं पाणी ज्यात सांडतं त्या कप्प्यात) पाणी चढायला लागतं, मुख्य पाइपात उतरतं, पण आत अडकलेली हवा बाहेर पडत नाही. पाइप अर्धा पाण्याचा, अर्धा हवेचा राहतो आणि सायफन धरत नाही. मग पाणी आणखी चढून इमर्जन्सी पाइपाच्या तोंडातून खाली कोसळतं. जमिनीवर थेंब सांडत नाही, इमर्जन्सी त्याचं काम चोख करतो. झोप मात्र कुणालाच लागत नाही.

पहिला संशय व्हॉल्व्हवर गेला. युनियन (सोडवता येणारा जोड) सोडवून बघितलं, थोडं शेवाळ होतं, ते काढलं. फरक शून्य. मग लक्षात आलं की लाईट आल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर दहा सेकंदांत सायफन धरतो आणि नंतर पुन्हा बेतानं आवळता येतो. पण रात्री दोनला उठून हे कोण करणार? आणि मी घरात नसताना?

व्हॉल्व्हबद्दल एक सांगते, कारण दोघांनी विचारलं होतं. इथे हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळेचा हातात देतात. खाऱ्या पाण्याला तो लावू नका. पितळेतलं तांबं पाण्यात उतरलं की क्लीनर श्रिंप (कोळंबीचा एक प्रकार) आणि गोगलगायी जगत नाहीत. पीव्हीसीचा मला मुंबईहून मागवावा लागला, पहिला आला तो दांड्यापाशी गळका आणि बदलून मिळायला पंधरा दिवस गेले. तरीही बॉल व्हॉल्व्हवर वेळ घालवू नका. त्याचा सगळा खेळ ९० अंशांत, केसभर हलला तरी बॉक्समधलं पाणी दोन इंच वरखाली होतं.

खरा दोष सापडला तो संपात टॉर्च मारून. लाईट आल्यावर मुख्य पाइपाच्या टोकातून बुडबुड्यांचा लोट यायला हवा. येत होते चार-पाच बुडबुडे, तेही थांबून थांबून. टेप लावून मोजलं तर पाइपाचं टोक चालू पातळीच्या ५ इंच खाली. शिंतोडे उडू नयेत म्हणून मीच ते खोल ठेवलं होतं. हवेला बाहेर पडायचं तर तेवढं पाणी ढकलावं लागतं आणि नुकतं भरू लागलेल्या पाइपात तेवढा जोर नसतो.

संपातला तुकडा मी सॉल्व्हंट सिमेंट न लावता नुसता दाबून बसवला होता, त्याचं सार्थक झालं. काढला, हॅकसॉ ब्लेडनं ४ इंच कापला, परत बसवला. आता टोक पाण्याखाली जेमतेम १ इंच. स्विच बंद-चालू करत दहा वेळा बघितलं. आधी दहात तीनदा सायफन धरत होता, आता सातदा. बरं वाटलं, पण उरलेल्या तीनचं काय?

ते उत्तर वहीत आकडे मांडल्यावर मिळालं. टँक ४८ बाय १८ इंच, म्हणजे १ इंच पाणी साधारण १४ लिटर. संप ३० बाय १५, त्यामुळे वरचं १ इंच पाणी खाली आलं की संप जवळजवळ २ इंच चढतो. माझं रिटर्न नोझल पृष्ठभागाखाली अडीच इंच होतं. लाईट गेली की तोच पाइप उलटा सायफन होऊन नोझल उघडं पडेपर्यंत पाणी खाली खेचायचा आणि संप पावणेपाच इंच फुगायचा. म्हणजे लाईट परत येते त्या क्षणी माझं १ इंचावरचं टोक पावणेसहा इंच पाण्याखाली! मी पातळी मोजत होते ती पंप चालू असतानाची. मोजायला हवी होती बंद असतानाची.

रिटर्न पाइपाला पृष्ठभागाखाली अर्ध्या इंचावर ५ मिलिमीटरचं भोक पाडलं. पाणी तिथवर उतरलं की हवा आत शिरते आणि उलटा सायफन तुटतो. ओव्हरफ्लो बॉक्समधलं थोडं पाणी धरूनही संप आता दीड इंचच चढतो. पुन्हा दहा वेळा स्विच. दहाच्या दहा वेळा धरला! सगळ्यात उशीर झाला तो १ मिनिट ५० सेकंद. दहावी वेळ झाल्यावर मी स्टँडसमोर जमिनीवरच बसून राहिले, कान लावून. फक्त कौलांवरचा पाऊस.

भोकात शेवाळ धरतं, तेव्हा ते दर रविवारी टूथपिकनं साफ करायचं. बुजलं तर सगळं मुसळ केरात.

मागे मी बीनअ‍ॅनिमल (तीन पाइपांचा ड्रेन) करायचं जाहीर केलं होतं, ते आता रद्द. त्याला तिसरं भोक लागतं आणि भरलेल्या टँकच्या तळात मी ड्रिल घालणार नाही. कुणीतरी सुचवलं होतं की इमर्जन्सीतून बारीक धार सोडून ठेव, मग व्हॉल्व्ह इतका काटेकोर लावावा लागत नाही. तीन पाइप असते तर केलं असतं. दोनच असताना दुसरा कोरडाच हवा, असं माझं ठाम मत आहे. मुख्य पाइपाचं तोंड तळहातानं दाबून तपासलं, तर एकट्या इमर्जन्सीनं सगळं पाणी गिळलं. पंप बादलीनं मोजला तर तासाला १८०० लिटर देतो. आवाज धबधब्यासारखा झाला, पण पातळी ओव्हरफ्लो बॉक्सच्या कडेच्या दातेऱ्यांच्या खालीच राहिली.

एवढं लिहून झालं आणि एक सुचलं. टोक सरळ कापण्याऐवजी तिरकं कापलं तर? वरच्या कडेला पाणी कमी, तिथून हवा आधी सुटेल, आणि खालची कड बुडलेली राहील म्हणून शिंतोडेही नाहीत. उठून करून आले. ४५ अंशांत कापलं, वरची कड अर्धा इंच पाण्याखाली. पाच वेळा स्विच मारला, पाचही वेळा ४५ सेकंदांच्या आत सायफन धरला. व्हॉल्व्हला हात लावला नाही.

आता राहिला स्टँडखालचा ९० अंशांचा एल्बो. तिथल्या आडव्या तुकड्यात हवा रेंगाळते, पाइपाला कान लावला की कळतं. त्याच्या जागी ४५ चे दोन एल्बो घालणार आहे, पण ते जोड सिमेंटचे आणि सध्या घरात इतकी ओल आहे की ते नीट वाळायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. गणपतीनंतर बघेन. पाणी बदलण्याचंही तेव्हाच. काजळी नदीचं गोडं पाणी आणि गाळ उतरत असताना भाट्याच्या समुद्राचं पाणी मी घेत नाही, मेमध्ये भरून ठेवलेले दोन कॅन अजून आहेत.