वह्या शिवता, पण लिहिता काय?

"ताई, एवढ्या वह्या शिवता, पण त्यांत लिहिता काय?" पतसंस्थेत डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, कुठेही हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मीच दिलेली वही असते, त्यामुळे टाळताही येत नाही. आजवर हसून "बघू की" म्हणत आले. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

काही लिहीत नाही. कपाटात या घडीला माझ्या हातच्या ३१ वह्या आहेत आणि एकतीसच्या एकतीस कोऱ्या. डायरी मला कधीच जमली नाही, ४ जानेवारीच्या पुढे माझी मजल गेलेली नाही. कविता सुचत नाहीत. वाणसामानाची यादी मी पाठकोऱ्या पावतीवर करते.

(दुसरा प्रश्न, "विकायला का नाही काढत?" एका वहीला माझ्या तीन संध्याकाळी जातात, आणि तेवढ्याच पानांची वही दुकानात दोन वडापावांच्या पैशात मिळते. हिशेब हा माझा धंदाच आहे, एवढा तरी मला कळतो.)

अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगलीत एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. लाल खारव्याच्या, लांबट, गुंडाळून दोरी बांधायच्या चोपड्यांत त्यांचं आयुष्य गेलं. त्या चोपड्यांना रेघा नसत, सळ असत. नवं पान सुरू करायचं म्हणजे आधी ते दुमडायचं, पुन्हा दुमडायचं, पुन्हा दुमडायचं, आणि उलगडलं की आठ घरं तयार. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लहानपणी मला वाटायचं की अप्पांना दुकानात पानं दुमडायचाच पगार मिळतो. घरी आले की अंगाला हळदीचा वास यायचा. चोपड्यांना तर वर्षानुवर्षं यायचा.

जून आला की अप्पा आमच्या जुन्या वह्यांमधली उरलेली कोरी पानं उसवून काढायचे आणि त्यांची रफ वही शिवायचे. हे तुमच्याकडेही झालं असेल. आमच्याकडे फरक एवढाच, की ते स्टेपलर वापरू देत नसत. "पिना गंजतात," म्हणायचे. सुई-दोरा घेऊन बसायचे आणि आम्हा बहिणींना दोरा ओवायला लावायचे. मी तेव्हा शिकले नाही. दुकानातल्या चकचकीत वहीकडेच डोळा होता.

शिकले ते ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर.

आमचं घर सांगलीच्या गावभागात, म्हणजे जुन्या वस्तीत. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. तिच्यावर दोन फळ्या सोडून आम्ही पुस्तकं लावली होती, म्हणजे आपल्या मते शहाणपणाच केला होता. पाण्याने खूण वाचली नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णामाई ५७ च्याही वर गेली. आम्ही परतलो तेव्हा घरभर चिखल होता आणि फ्रीज स्वयंपाकघरातून तरंगत येऊन सोप्यात आडवा झाला होता. भिजलेली पुस्तकं लगेच फ्रीजरमध्ये ठेवली तर बुरशी थांबते, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. मला हसू आलं.

त्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मी पहिल्यांदा बांधणीकडे पाहिलं. चकचकीत कागदाच्या पुस्तकांची वीट झाली होती, पानापासून पान सुटेना. नुसत्या गोंदावर पाठ चिकटवलेल्या पुस्तकांची पानं पत्त्यांसारखी हातात आली. आणि अप्पांच्या तीन चोपड्या (दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांना विचारून त्यांनी घरी आणलेल्या) पुठ्ठ्याचा लगदा, खारव्याचा रंग सगळीकडे फुटलेला, पण दोरा तसाच. एक पान सुटलं नव्हतं.

अक्षर मात्र गेलं होतं. अप्पा दौतीतल्या निळ्या शाईने लिहायचे आणि ती शाई पाण्यात विरघळते. उरल्या होत्या फिकट निळसर ढगांच्या आकृत्या आणि त्यांच्या मधून सरळ खाली उतरणारे सळ. तिसरी चोपडी अप्पांच्याही आधीची, मोडीतली, काजळाच्या काळ्या शाईची. ती जवळजवळ जशीच्या तशी. म्हणजे जी घरात कोणालाच वाचता येत नाही ती राहिली. आई तेव्हा एवढंच म्हणाली, "हिशेब चुकता झाला म्हणायचा."

पानं वाळवायला शिवण सोडावी लागणार होती. एक एक टाका उसवताना तो कुठून आत गेलाय आणि कुठून बाहेर आलाय हे मी एका पाठकोऱ्या कागदावर काढत गेले. माझ्या या छंदाचं शिक्षण एवढंच. ज्याला शिवण शिकायची असेल त्याने आधी काहीतरी चांगलं शिवलेलं उसवावं. बाकीचं बाजारातल्या एका म्हाताऱ्या बाइंडरनी सांगितलं. त्यांनी मला फर्मा म्हणजे काय, जुज कशाला म्हणतात, अस्तर कुठे लागतं हे शब्द दिले. आणि खळ शिकवली.

खळ म्हणजे १ वाटी मैदा आणि ५ वाट्या पाणी. आधी गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरटपणा जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची. पांढऱ्या गोंदाने काम लवकर होतं, पण त्याचं चिकटलेलं पुढे सोडवता येत नाही. खळीचं पाण्याने सुटतं. पुरातून निघालेल्या बाईला हा गुण वाटणारच.

बाइंडरकाका म्हणाले होते, खळीत चिमूटभर मोरचूद टाका. मी टाकली नाही. मोरचूद विषारी, स्वयंपाकाच्या पातेल्यात कशाला, असा माझा विचार. परिणाम असा, की पहिल्या चार वह्यांना पावसाळ्यात आधी बुरशी आली आणि मागोमाग कसर लागली. कसरीला कागदापेक्षा मैदा आवडतो. तिने पाठीवरची खळ चाटूनपुसून खाल्ली. तुकोबांच्या वह्या तेरा दिवस इंद्रायणीत राहून कोरड्या वर आल्या असं आपण ऐकत आलोय. माझ्या कपाटात राहून ओल्या झाल्या. आता खळीचं पातेलं वेगळं, त्यावर लाल रंगाने फुली, आणि मोरचूद कुलपात.

दुसरी फजिती पुठ्ठ्याची. पुठ्ठ्यावर कापड चिकटवून रात्री मोठ्या हौसेने टेबलावर ठेवलं, सकाळी बघते तर पुठ्ठा उन्हातल्या पापडासारखा वळलेला. ओलं कापड वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. उपाय सोपा आहे. आतल्या बाजूने अस्तराचा कागद चिकटवला की तो उलट दिशेने ओढतो, आणि दोघांच्या ओढाताणीत पुठ्ठा सरळ राहतो. शिवाय वर वजन हवं. मिक्सर आल्यापासून आमचा पाटा मोरीच्या कोपऱ्यात पडून होता, आता त्याला काम मिळालंय. मला तो एकटीला उचलत नाही. त्यामुळे घरात कोणी दुसरं माणूस असेल त्याच दिवशी माझी वही दाबाखाली जाते.

कागदाला दिशा असते, हे तर मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. वर्तमानपत्र एका बाजूने फाडलं तर सरळ पट्टी निघते, दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं फाटतं, ते याच्यामुळे. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात. वहीची घडी त्या दिशेने पडली पाहिजे, नाहीतर वही उघडी राहत नाही, सारखी मिटायला बघते. झेरॉक्सचा ए-फोर कागद मधोमध दुमडला तर बहुधा घडी उलटीच पडते. म्हणून मी कागदाच्या दुकानातून मोठे ताव आणते, कोपरा फाडून दिशा बघते आणि मग कापते. दुकानदार आता मला बघितलं की एक ताव फाडायलाच वेगळा काढतो.

माझ्या वहीचे कापलेले चोवीस कागद, म्हणजे एक दस्ता. चार-चार कागद एकात एक दुमडले की एक फर्मा, असे सहा फर्मे, ९६ पानं. घडीवरून स्टीलच्या चमच्याची पाठ फिरवायची, ती चाकूसारखी बसते. मग टोच्याने सहा भोकं. सगळ्या फर्म्यांची भोकं एका रेषेत यायला हवीत, त्यासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी केली आहे आणि तिच्यावर खुणा. दोरा मधमाशांच्या मेणावरून दोनदा ओढून घ्यायचा. मेणबत्तीचं मेण चालतं, पण त्याचे पापुद्रे पडतात.

शिवताना सुई पहिल्या भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यातून आत. टोकाला पोचलं की वर दुसरा फर्मा ठेवायचा आणि परत यायचं. तिसऱ्या फर्म्यापासून दर टोकाला सुई खालच्या दोन फर्म्यांच्या मधून घालून एक फास घ्यायचा, म्हणजे शेजारी शेजाऱ्याला बांधला जातो. दोरा ओढायचा तो नेहमी घडीच्या रेषेत. वर ओढलात तर दोरा कागद कापतो, आणि पाचव्या फर्म्याला कागद कापला गेला की त्या संध्याकाळी घरातल्यांनी माझ्याशी बोलू नये. दोरा ताणला की कागदातून एक बारीक आवाज येतो, मांजर कुशीवर वळताना काढतं तसा. तो आला की टाका बसला.

ऑफिसात मी दिवसभर आकडे भरते. सगळ्यांचे आकडे एकाच वळणाचे, माझे पण. संध्याकाळी दीड तास सुई. वेळ कुठून मिळतो असं विचारू नका, मी मालिका बघत नाही.

तर पुन्हा तुमचा प्रश्न. लिहीत का नाही? एक तर पहिलं पान खराब व्हायची भीती, ती सगळ्यांनाच असते. पण खरं कारण ते नाही. अप्पांच्या त्या दोन चोपड्या मी वाळवून परत शिवल्या. त्याच भोकांतून, नव्या दोऱ्याने. अक्षर काही परत आणता आलं नाही. शिवण आणता आली, ती आणली. त्यानंतर हात थांबला नाही, एवढंच. लिहायचं काम माझ्याकडे कधी नव्हतंच.

माझं दुखणं वेगळं आहे. ज्यांना मी वह्या देते तेही लिहीत नाहीत. "एवढी सुंदर वही, कशाला खराब करायची!" बहिणीने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला रबर लावून ठेवलीय. ऑफिसातल्या एकीने शोकेसमध्ये ताजमहालाशेजारी. मी वहीत काही लिहीत नाही हा माझा हट्ट झाला, पण तुम्ही? शिवण काय बघायला केलीय?

गेल्या महिन्यात समोरच्या घरातला सातवीतला पोरगा आला. त्याला गल्लीच्या मॅचचा स्कोअर लिहायला वही हवी होती, कारण मोबाइलमधला स्कोअर "कोणीपण बदलतंय ओ मावशी". मी कपाटातली एक पुढे केली. त्याने उघडून बघितली, दोन्ही बाजूंनी उलटी करून बघितली.

"हिला रेघाच नाहीत."

मी बाजूला दोन बोटं समास सोडून पान तिनात दुमडलं, मग मधोमध दुमडलं आणि उलगडलं. सहा घरं. त्याने बोटाने मोजली. सहा चेंडू, सहा घरं, एक ओव्हर. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. त्याने वही माझ्या हातातून काढून घेतली, पुढचं पान स्वतः दुमडायला बसला, सळ जरा तिरका गेला, मी काही बोलले नाही.

मग थांबला. "आणि वाइड पडला तर?"

"समासात लिही."